राजीनाम्याचा मसुदा

माझ्या लॅपटॉपमध्ये 'फायनल' नावाची एक फाइल आहे. तिच्या शेजारी 'फायनल १', 'फायनल नवीन' आणि 'फायनल बेंगडुबी' अशा तिच्या थोरल्या बहिणी. मजकूर सगळ्यांचा जवळपास एकच, अर्ध्या पानाचा : कौटुंबिक अडचणींमुळे मला सेवेतून मुदतपूर्व निवृत्ती मिळावी, ही विनंती. खाली सहीपुरती जागा. सही करायची माझ्या बायकोने. अर्ज लिहिलेला मी.

पहिला मसुदा २०१० सालचा. हिची बदली झाशीला झाली होती, मुलगी तीन वर्षांची होती आणि मला वाटलं होतं, आता पुरे. कागद छापून, पाकिटात घालून मी तो हिच्या काळ्या ट्रंकेत कपड्यांच्या वर ठेवला. कल्याणला पंजाब मेलमध्ये ट्रंक चढवली तेव्हाही काही बोललो नाही. सहा महिन्यांनी ही सुट्टीवर आली. ट्रंकेत तो कागद होता, पण त्याच्या कोऱ्या बाजूवर सिस्टर्स मेसच्या दुधाचा हिशोब लिहिलेला होता.

मी ठाण्यात चरईत राहतो आणि वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत एचआरला आहे. बायको मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये, पंचवीस वर्षं. लेफ्टनंट म्हणून लागली, आता लेफ्टनंट कर्नल आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र ती अजून 'मिलिटरीतल्या वहिनी'. कुणा पाहुण्याला ओळख करून देताना शेजारचे काका आवाज खाली घेऊन 'नर्स आहेत' म्हणतात आणि मग आवाज चढवून 'पण मिलिटरीत!' त्या 'पण'वर कधीतरी वेगळं लिहायला हवं.

माझ्या कामाचा एक भाग म्हणजे सोडून जाणाऱ्यांशी शेवटचं बोलणं. त्याला एक्झिट इंटरव्ह्यू म्हणतात. समोरचा 'पगार' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात साहेबाचं नाव असतं. 'घर लांब पडतं' म्हणतो तेव्हा खिशात दुसऱ्या कंपनीचं पत्र असतं. या उत्तरांचे तक्ते करून मी वर पाठवतो. वीसेक वर्षांत मला एकदाही कुणी सांगितलं नाही की, जो जात नाही त्याला बोलावून विचारा, बाबा रे, तू का थांबलास? थांबलेल्या माणसाबद्दल कंपनीला कुतूहल नसतं. तो असतो, बस्स.

नर्सेसच्या बाबतीत हा उलटा प्रश्न अमेरिकेत विचारला गेला होता. १९८०च्या आसपास तिकडे रुग्णालयांना नर्सेस मिळेनात आणि आलेल्या टिकेनात. का जातात, यावर सगळे बोलत होते. तिथल्या अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने नर्सेस जिथे टिकून आहेत अशी ४१ रुग्णालयं निवडली आणि तिथे काय वेगळं आहे ते पाहिलं. १९८३ साली अहवाल आला. त्या रुग्णालयांना त्यांनी नाव दिलं 'मॅग्नेट', लोहचुंबक. सापडलं ते फार नवलाचं नव्हतं. नर्सिंगची प्रमुख बाई केबिनमध्ये न बसता वॉर्डात दिसते, वॉर्डातले निर्णय वॉर्डात होतात, डॉक्टर नर्सचं म्हणणं ऐकून घेतात, ड्यूटी लावताना माणसाचा विचार होतो. मी हे सगळं उत्साहाने फोनवर हिला सांगितलं. ती जेवत होती.

"हे कळायला अमेरिकेला जावं लागलं?" एवढंच म्हणाली.

२०१७ ते २०२० ही तीन वर्षं तिची बदली कुलाब्याला अश्विनीत होती. अश्विनी हे नौदलाचं रुग्णालय, ही तशी भूदलाच्या दवाखान्यांतून फिरलेली, पण या नर्सेसना तिन्ही दलांच्या रुग्णालयांत पाठवतात. शिवाय शिकलीही तिथेच, म्हणजे माहेरीच आल्यासारखं. रोज ठाणे ते सीएसएमटी लोकल, पुढे बस. तीन वर्षं बायको घरी राहते म्हणजे काय, हे मला लग्नानंतर तेरा वर्षांनी कळलं. उदाहरणार्थ, फ्रिजमध्ये डब्यांवर तारखा घालून चिकटपट्ट्या लागतात, हे कळलं.

त्याच काळात एका रविवारी मामलेदारची मिसळ खाताना मी तिचा इंटरव्ह्यू घेतला. तिखट रश्श्याने नाक वाहायला लागलं की माणूस खरं बोलतो, असा माझा समज आहे.

"तू का राहिलीस?"

"पेन्शन," तिने पाव मोडत सांगितलं. "वीस वर्षं भरली की पूर्ण हक्काची. दोन राहिलीत."

मी नाही म्हटलं तरी हिरमुसलो. देश, तिरंगा, जवान असलं काहीतरी येईल आणि मग आपण त्यातून खरं कारण उकरून काढू, अशी माझी तयारी होती. हिने तर एचआरच्या तक्त्यातलंच उत्तर दिलं. २०२० साली वीस वर्षं भरली. त्या वर्षी कुणी कुणाला काही विचारण्याच्या स्थितीत नव्हतं, ही पीपीई किट घालून बारा-बारा तास उभी होती. २०२१ गेलं, २०२२ गेलं. पेन्शनचं कारण कधीच संपलं होतं आणि ही तिथेच.

पैशांचं म्हणाल तर तिच्या पगारपत्रकात एक ओळ आहे, मिलिटरी सर्व्हिस पे. लष्करी जगण्यातल्या हालअपेष्टांचा तो मोबदला. सातव्या वेतन आयोगाने तो इतर अधिकाऱ्यांना महिना १५,५०० ठेवला आणि नर्सिंगच्या अधिकाऱ्यांना १०,८००. खांद्यावर तारे तेच, बदल्या त्याच, आणि हालअपेष्टा मात्र ४,७०० रुपयांनी कमी. मी एचआरचा माणूस, हे माझ्या कंपनीत कुणी केलं असतं तर गेटवर घोषणा झाल्या असत्या. हिला विचारलं तर म्हणते, "चीड येते. पण चिडून रोज कामावर जाता येत नाही."

माझा एक साहेब हर्झबर्गचं नाव घेतल्याशिवाय भाषण संपवत नसे. १९५९ साली या मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्गच्या सुमारे २०० इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून सांगितलं की, पगार, राहायची सोय, साहेबाचं वागणं हे बिघडलं तर माणूस वैतागतो, पण ते नीट असलं म्हणून कामात जीव ओततोच असं नाही. जीव ओततो तो कामातल्याच कशासाठी तरी. मी हेही हिला ऐकवलं. "इंजिनियर आणि अकाउंटंट," ती म्हणाली. "रात्री तीन वाजता जागे असलेलं कुणी नव्हतं वाटतं."

तरी त्यात काहीतरी आहे, असं मला वाटत राहिलं. कारण मी खडकी पाहिली होती.

लग्नानंतर ती आधी देवळालीला होती आणि २००७ साली, मुलगी झाल्यावर, खडकीला आली. दर शुक्रवारी रात्री मी वंदना डेपोतून पुण्याची एसटी पकडायचो. खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये पाठीच्या कण्याच्या दुखापतींचं केंद्र आहे. हिची ड्यूटी तिथे. बावीस-तेवीस वर्षांची मुलं. कुणाची गाडी दरीत गेलेली, कुणाला गोळी लागलेली, कुणी सुट्टीत गावच्या विहिरीत उडी मारताना मान मोडून घेतलेली. कमरेखाली संवेदना नाही. अशा पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला, टाचांना बेडसोअर होतात, चिघळतात, आणि ज्याला गोळीने मारलं नाही त्याला ते मारू शकतात. दिवसात बारा वेळा. दोघं-तिघं लागतात वळवायला, एका लयीत, मान-पाठ-कंबर सरळ रेषेत ठेवून.

एका शनिवारी ही क्वार्टरवर आली ती हसतच. मला वाटलं प्रमोशन. म्हणाली, "चार महिने झाले त्याला येऊन. आज पाठ बघितली. एक डाग नाही." पुढे बराच वेळ तिने मला त्या पाठीचं वर्णन ऐकवलं. मी वरणभात कालवत होतो. माझ्या नोकरीत मला असं कधी वाटलंय का, याचा मी जेवणभर विचार केला, आणि आठवेना.

मुरलीकांत पेटकर हे नाव मी पहिल्यांदा तिथेच ऐकलं. आपल्या सांगलीकडचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले, देशाचं पहिलं. मी भारावून काहीतरी बोलायला लागलो तर ही म्हणाली, "पाण्यात उतरण्याआधी त्यांनाही कुणीतरी महिनोन् महिने कुशीवर वळवलं असेल. त्याचं पदक नसतं." तक्रार नव्हती. उलट आवाजात एक प्रकारची ऐट होती.

दर वर्षी १२ मेला माझ्या फोनवर दिव्याची चित्रं येतात. सेवेची मूर्ती, पांढऱ्या वस्त्रातली देवदूत, वगैरे. मला त्याचा राग येतो. देवाच्या दूताला घरभाडं नसतं, पाठदुखी नसते, त्याची ड्यूटी कितीही तास लावली तरी चालते. 'सेवाभाव' हा शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा समोरच्याला पगाराविषयी बोलू न देण्यासाठी वापरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निकालानंतर केंद्राच्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या नर्सेससाठी शिफारस केली होती, की पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना निदान २०,००० द्या. ठाण्यात गल्लोगल्ली नर्सिंग होम आहेत. तिथल्या मुलींना महिन्याकाठी काय मिळतं, ते त्यांच्यापैकी एखादीला विचारून बघा.

हिची मामेबहीण नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात सहा वर्षं होती, आता आयर्लंडला आहे. जाण्यापूर्वी भेटायला आली होती. दोघी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बोलत होत्या आणि मी बाहेर पेपर धरून ऐकत होतो. तिकडच्या पगाराचं बोलणं दोन मिनिटांत आटपलं. मग ती म्हणाली, "ताई, मला काय नको झालं सांगू? पेशंटच्या हाताला सलाइन लावायची आणि त्याच्या बायकोला सांगायचं, काउंटरवर जाऊन या, आजचं डिपॉझिट बाकी दाखवतंय. तिच्या गळ्यातल्या पोतीकडे लक्ष जायचं माझं. ती विकणार, हे मला आधी कळायचं."

ती गेल्यावर ही भांडी पुसत उभी राहिली. म्हणाली, "पंचवीस वर्षांत मी कुणाला बिल सांगितलेलं नाही. माझ्या आणि पेशंटच्या मध्ये काउंटर येत नाही रे." हे उत्तर मिसळीच्या वेळी का नाही दिलंस, असं मी विचारलं, तर म्हणे, तेव्हा मला तरी कुठे माहीत होतं!

थोडा इतिहासही सांगतो. २८ मार्च १८८८ रोजी दहा इंग्रज नर्सेस मुंबई बंदरात उतरल्या. हिंदुस्थानातल्या लष्करी दवाखान्यांची शुश्रूषा त्यांनी लावायची होती. बोरीबंदरहून गाडीने आत गेल्या असतील तर ठाण्यावरूनच गेल्या, हा माझा ठाणेकरी अभिमान. १ ऑक्टोबर १९२६ हा या सेवेचा स्थापनादिन, म्हणजे २०२६ला शंभर वर्षं. १९४३च्या वटहुकमाने या नर्सेस कमिशन घेतलेल्या अधिकारी झाल्या. १९७६ साली गर्ट्रूड अ‍ॅलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांत त्या पदावर पोचलेली पहिली स्त्री एक नर्स होती, हे आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना मी दोनदा सांगितलंय. 'पण' काही जात नाही.

त्या इतिहासातली एक गोष्ट मात्र माझ्या घरात शिरलेली आहे. आमच्या लग्नात, २००४ साली, हिच्या एक निवृत्त मेट्रन आल्या होत्या. केरळच्या, अविवाहित, ताठ. त्यांनी मला प्रेशर कुकर दिला आणि हिंदीत म्हणाल्या, "इसका नौकरी मत छुड़वाना." मला ते जरा उद्धट वाटलं होतं. पुढे हिने सांगितलं की त्यांच्या पिढीत हा प्रश्न नवऱ्यापर्यंत येतच नसे. १९७७च्या लष्करी आदेशानुसार या सेवेतल्या स्त्रीने लग्न केलं की तिला सेवेतून कमी करता येत असे. तो आदेश १९९५च्या ऑगस्टमध्ये मागे घेतला गेला. तोवर नोकरीत राहायचं तर एकटीने राहायचं, हा सरळ हिशोब. त्यातल्या कितीतरी जणी तशाच राहिल्या, आणि बाहेरचे लोक त्याला सेवाभाव म्हणाले.

२०२४च्या फेब्रुवारीत पेपरात बातमी आली. सेलिना जॉन यांना लग्न केलं म्हणून १९८८ साली सेवेतून काढलं होतं, त्या दहा जणी मुंबईत उतरल्या त्याला शंभर वर्षं झाली त्याच साली. सर्वोच्च न्यायालयाने तो उघड लिंगभेद ठरवला आणि केंद्राला ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. ही तेव्हा उधमपूरला होती. मी लगेच फोन लावला. हिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपल्या कुकरची शिट्टी अजून चालते ना?" मेट्रन वारल्या त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती.

बेंगडुबीबद्दल सांगायचं राहिलं. सिलिगुडीजवळचं हे ठिकाण नकाशात शोधताना मला चष्मा लागल्याचं कळलं. तिथे तिला सगळे चेच्ची म्हणायचे, कारण बरोबरच्या बऱ्याच जणी मल्याळी आणि ही त्यांच्यात वयाने थोरली. हीही मल्याळम शिकली, अजून झोपेत बोलते. तर तिथे सोलापूर जिल्ह्यातला एक जवान डीआय लिस्टवर होता. डीआय म्हणजे डेंजरसली इल. नाव त्या यादीत चढलं की घरी कळवावं लागतं. युनिटकडून कळवलं गेलंच होतं, पण गावात तो निरोप कुणी कसा वाचला कोण जाणे, आई फोनवर फक्त रडत होती. मग फोन हिच्या हातात दिला, मराठी म्हणून. नंतर हिने मला विचारलं होतं, "डेंजरसली इल मराठीत कसं सांगशील?" मी 'प्रकृती गंभीर' म्हणालो. "ते पेपरात. मी म्हटलं, आई, त्याचं जास्त आहे. पण मी त्याच्याजवळ बसलेय. त्या म्हणाल्या, बसा बाई. मग फोन ठेवला त्यांनी."

ती बसली. ड्यूटी संपल्यावरही बसली. तो वाचला, काठी टेकत घरी गेला. दोन महिन्यांनी चरईच्या पत्त्यावर शेंगाचटणीचं चार किलोचं पार्सल आलं. माझी आई वर्षभर ती पुरवून खात होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, सूनबाईच्या पेशंटकडची आहे म्हणून. 'फायनल बेंगडुबी' त्या पार्सलच्या आदल्या महिन्यातली आहे.

आता जरा अवघड भाग. २०२२च्या अखेरीस ही अशा एका ठिकाणी होती, ज्याचं नाव मी लिहिणार नाही. माणसं कमी, नाइट लागोपाठ, आणि वरच्या बाई पेशंटसमोर बोलायच्या. डिसेंबरात आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. मुलीची दहावी मार्चमध्ये. मी एका हाताने ऑपरेशनचे कागद आणि दुसऱ्या हाताने मुलीचं हॉल तिकीट सांभाळत होतो, आणि हिला रजा मिळायला पाच दिवस लागले. पाचव्या दिवशी ती आली, आठ दिवस राहिली, परत गेली. गेल्यावर तिसऱ्या रात्री फोन आला.

"तो मसुदा पाठव."

बारा वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती. लॅपटॉप उघडला, तारीख बदलली. 'कौटुंबिक अडचणी'च्या जागी 'सासूबाईंचं आजारपण' लिहिलं, मग ते खोडून परत 'कौटुंबिक अडचणी' केलं. एक स्वल्पविराम काढला. मग लक्षात आलं, मी तेच करतोय जे रागाने राजीनामा घेऊन आलेल्या चांगल्या कामगाराच्या बाबतीत करतो, कागद टेबलावर ठेवायचा आणि चहा मागवायचा. त्या रात्री पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठवला. तिने छापून घेतल्याचंही कळवलं.

अर्ज काही पुढे गेला नाही. महिन्याभरात त्या वरच्या बाईंची बदली झाली आणि नव्या मेट्रन आल्या. त्यांनी पहिल्या आठवड्यात काय केलं, तर ड्यूटी लिस्ट पेन्सिलने लिहिली. पेन्सिलने लिहिलेली लिस्ट घेऊन वॉर्डावॉर्डात फिरल्या आणि प्रत्येकीला विचारलं, या महिन्यात कुठली तारीख तुला नको? हिने दहावीच्या पहिल्या पेपरची तारीख सांगितली. ती रात्र त्या बाईंनी स्वतः केली. अधिकारी मोठ्या, नाइट करायची त्यांना काही गरज नव्हती. ही पहाटे ठाण्यात पोचली, मुलीला दही-साखर दिली, परीक्षा केंद्राबाहेर आईबापांच्या गर्दीत अडीच तास उभी राहिली आणि रात्री परत निघाली.

४१ रुग्णालयांचा अहवाल, हर्झबर्ग आणि माझे वीस वर्षांचे तक्ते एका पेन्सिलीपुढे जरा फिके पडले, हे मी कबूल करतो. अर्थात पेन्सिलवाल्या बाई सगळीकडे नसतात. पुढच्या बदलीत पेनवाल्या भेटू शकतात. त्यावर हिचं म्हणणं असं की, बदलीच्या नोकरीत हेही एक सुख आहे. वाईट माणूस फार तर तीन वर्षं. मग एक तर तो जातो, नाहीतर आपण.

एक गोष्ट मात्र कुठल्याच अहवालात मला दिसली नाही. खुब्याचं ऑपरेशन होऊन आई घरी आली, वॉकरवर चालायला लागली, तेव्हा एकदा मी तिच्याजवळ हिच्या नोकरीविषयी कुरकुरत होतो. आई म्हणाली, "तिची ड्यूटी तिकडे, माझी इकडे. दोघी एकदमच लागलो. तिला पेन्शन आहे, मला कुठेय?" हसून म्हणाली, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. मुलीचे डबे, गोवर, पालकसभा, पहिल्या पाळीचं समजावणं, सगळं आईने केलं होतं. एखादीला नोकरीत टिकवायला संस्थेने काय केलं याचे रकाने आम्ही भरतो. संस्थेच्या पटावर नसलेल्या कुणी कुणी तिला टिकवलं, त्याला रकाना नाही.

आणि मुलगी. बारावी झाली. हल्ली या सेवेच्या बीएस्सी नर्सिंगसाठी नीटचे गुण बघतात, आणि तिचे गुण बरे होते. मी जेवताना सहज विषय काढला. मुलगी म्हणाली, "नको. मला रोज संध्याकाळी घरी यायचंय." तिने ते लागट बोलावं म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. ही त्या वेळी सुट्टीवर होती, समोरच बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "बरोबर आहे तुझं." आणि तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

अश्विनीच्या दिवसांत तिने मला 'ओव्हर' समजावून सांगितलं होतं. वॉर्डात एक पाळी संपून दुसरी लागते तेव्हा जाणारी नर्स येणारीला ओव्हर देते. एकेका खाटेपाशी उभं राहून : याला रात्री ताप होता, याने लघवी केली नाही, याची बायको उद्या येणार आहे, याला अजून सांगितलेलं नाही. येणारी सगळं ऐकते, रजिस्टरवर सही करते, आणि तेव्हाच जाणारी मोकळी होते. "ओव्हर घेणारी आल्याशिवाय देणारी हलत नाही," ही म्हणाली होती. "उशिरा आली असेल, भांडून आली असेल, पण माझी ओव्हर घ्यायला कुणी आलंच नाही, असं एकदाही झालेलं नाही. तुमच्या ऑफिसात असं कुणी येतं का?"

आमच्याकडे नाही येत. आमच्याकडे ईमेल करून जातात.

या खेपेला ती वीस दिवस होती. सुट्टीतही हिची झोप नाइटचीच, रात्री दोनला टक्क जागी. शेवटच्या रात्री पहाटे चारची टॅक्सी होती, जम्मूच्या विमानासाठी. मला तीनच्या सुमारास जाग आली तेव्हा ही आईच्या खोलीत होती. दिवा न लावता, मोबाइलचा उजेड खाली धरून. आईचं मनगट हातात होतं. मग तिने आईला हलकेच कुशीवर वळवलं, पाठीवरून हात फिरवला, पाठ आणि भिंत यांच्या मध्ये लोड सरकवला. आई झोपेतच काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा घोरायला लागली.

मी दारात उभा होतो. ही उठून बाहेर आली, पदर खोचावा तसा ओढणीचा शेव कमरेला खोचलेला.

"दोन वाजता पाणी दिलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "बीपी ठीक आहे. उजव्या टाचेला थोडं लाल दिसतंय, उशी खाली ठेव, टाच अधांतरी राहिली पाहिजे. सकाळची गोळी नाश्त्यानंतर, आधी नाही. आणि तिने रात्री मला विचारलं की दिवाळीला येणार का. मी अजून सांगितलेलं नाही."

मी मान हलवली. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला.

"नुसती मान नको," ती म्हणाली. फ्रिजवर चुंबकाने अडकवलेल्या कागदावर तिने आईच्या औषधांचा तक्ता केला होता. त्याच्या खाली एक रेघ ओढून पेन माझ्या हातात दिलं. "सही कर. मग मी निघते."